आधी नजर, मग लेझर

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात मुलांच्या घशातल्या वाढींवरच्या उपचाराचा विषय निघाला की बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला लेझरवर येतं. देणगीदाराला लेझर द्यायचा असतो, साखर कारखान्याच्या सीएसआरला लेझर शोभतो, जिल्हा नियोजनाच्या कागदावर ‘अत्याधुनिक’ या शब्दापुढे लेझरच लिहिला जातो. फीत कापायला मोठं यंत्र लागतं. तीन मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीची फीत कोण कापणार? पण स्वरयंत्रात पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीसारखी वाढ, झालेल्या मुलाचं पुढं काय होतं, हे बहुतेक वेळा लेझर होता की नव्हता यावर ठरत नाही. घसा कधी पाहिला, किती नीट पाहिला आणि पाहिलेलं कुठं नोंदवलं, यावर ठरतं. म्हणून सार्वजनिक पैसा आधी पाहण्याच्या साधनांवर आणि ती वापरणाऱ्या माणसांवर जावा, लेझर त्यानंतर यावा, आणि आल्यावर तो डोळ्यांच्या अंदाजावर नव्हे तर प्रतिमा पाहून चालवला जावा, अशी आमची भूमिका आहे.

आजाराचं पूर्ण नाव रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, 6 आणि 11 हे दोन प्रकार त्याच्या मुळाशी असतात. बाळाला तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. पहिलं बाळंतपण, आईचं कमी वय आणि नैसर्गिक प्रसूती या तीन गोष्टी अशा मुलांत बऱ्याचदा एकत्र दिसतात. सिझेरियननं धोका पुरता टळत नाही, त्यामुळं केवळ या भीतीपोटी सिझेरियन करायची शिफारस कुणी करत नाही. (निदान झाल्यावर घरात दोष आईच्या माथी मारला जातो, तो डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत खोडून काढायला हवा. विषाणू इतका सर्रास आढळतो की कुणाकडून आला याचा शोध निरर्थक आहे.) मूल साधारण दोन ते चार वर्षांचं असताना आजार लक्षात येतो. स्वररज्जूंवर कोवळ्या द्राक्षघडासारखे गुलाबी-पांढरे दाणे येतात आणि प्रत्येक दाण्याच्या मध्यात रक्तवाहिनीचा लाल ठिपका असतो. वाढ कर्करोगाची नसते. क्वचित, फार वर्षांनी आणि विशेषतः फुफ्फुसात पसरल्यावर ती तशी होऊ शकते. खरी भीती दोन गोष्टींची: जागा अरुंद आहे आणि वाढ परत येते.

अरुंद म्हणजे किती? लहान बाळाच्या श्वासमार्गाचा सर्वांत निमुळता भाग सुमारे चार मिलिमीटर व्यासाचा असतो. चारी बाजूंनी एक मिलिमीटर सूज किंवा वाढ आली की व्यास दोन मिलिमीटर उरतो आणि क्षेत्रफळ पाव होतं. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या मार्गात तेवढीच वाढ झाली तर निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते. म्हणूनच बापाला जी सर्दी आवाज बसवून सोडून देते, ती सर्दी पॅपिलोमा असलेल्या मुलाला रात्रीतून ऑक्सिजनवर नेऊ शकते.

आपल्याकडची पहिली चूक इथंच होते. मुलाचा आवाज घोगरा होतो, रडणं फाटकं येतं. ‘घसा बसलाय, होईल बरा’ म्हणून महिने जातात. मग श्वासाला आवाज येऊ लागतो आणि त्याला बाळदमा म्हटलं जातं. वाफ, पंप, अँटिबायोटिक, पुन्हा वाफ. छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि सगळ्यांनाच तात्पुरता धीर येतो. खरं तर फरक कानांनीही ओळखता येतो. दम्याची शिट्टी प्रामुख्यानं श्वास सोडताना ऐकू येते. स्वरयंत्रातल्या अडथळ्याचा आवाज श्वास आत ओढताना येतो, आणि गळ्याची खळगी आत खेचली जाते. शिवाय नुसत्या दम्यानं आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहत नाही. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ घोगरा राहिलेला आवाज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायचा नाही, हा साधा नियम जत, आटपाडी, माण, पाटण इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचला, तर कुठल्याही लेझरपेक्षा जास्त मुलांचा जीव वाचेल. घोगरेपणासोबत श्वासाला आवाज असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं.

पाहण्यासाठी लागतं काय? लवचीक नळीचा लॅरिंगोस्कोप, म्हणजे नाकातून घालून स्वरयंत्र पाहायची दुर्बीण, मुलांसाठी बाहेरची जाडी साधारण सव्वादोन ते सव्वातीन मिलिमीटर. मूल पालकाच्या मांडीवर, डोकं आईच्या किंवा सिस्टरच्या हातात, नाकात रक्तसंचय कमी करणारे थेंब, थोडा बधिरतेचा जेल, आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी. भूल लागत नाही. मात्र बधिरतेच्या फवाऱ्यात घाई नको. 10 टक्के लिग्नोकेन स्प्रेच्या एका दाबात 10 मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे 3 मिलिग्रॅमची सावध मर्यादा धरली, तर 10 किलोच्या मुलासाठी तीन दाबांत ती संपते. मोठ्यांच्या ओपीडीतली ‘अजून एक मार’ ही सवय इथं झटके आणू शकते. आणि ज्या मुलाला बसल्या जागी धाप लागली आहे, त्याला ओपीडीत स्कोप घालायचाच नाही. तो थेट थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ शेजारी आणि गळ्याला छिद्र पाडण्याचं सामान उघडून ठेवलेलं असताना.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आजार दुर्मीळ, मग एवढा खटाटोप कशाला? दुर्मीळ आहे, हे खरंच. अमेरिकेतला 1990 च्या दशकातला अंदाज लाख मुलांमागे चार रुग्णांच्या आसपास होता, नंतरचे अंदाज त्याहून खाली आहेत. 2011 च्या जनगणनेत सातारा आणि सांगली जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे 58 लाख होती. तो वरचा दर धरला तरी दोन्ही जिल्ह्यांतली मुलं डझनांतच मोजावी लागतील. पण आक्षेप लेझरला लागू पडतो, स्कोपला नाही. तोच स्कोप तान्ह्या बाळाच्या घशातली मऊ कूर्चा दाखवतो, हलत नसलेली स्वररज्जू दाखवतो, ओरडून ओरडून आलेल्या गाठी दाखवतो, गिळताना होणारा ठसका कशामुळं ते दाखवतो. स्कोप रोज चालेल, लेझर महिन्यातून एकदा. कुठल्या यंत्रावर आधी पैसे घालायचे हे ठरवायला आणखी काही लागू नये.

आता थिएटरमध्ये. इथं ‘पाहणं’ वेगळ्या पातळीवर जातं. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात मोठे घड दिसतातच. दिसत नाहीत ते सपाट, मखमलीसारखे पसरलेले भाग. तेच मागं राहतात आणि दोन महिन्यांनी ‘परत आला’ म्हणून नोंदवले जातात. नॅरो बँड इमेजिंग या पद्धतीत 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचे दोनच अरुंद पट्टे वापरतात. हे दोन्ही रंग रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळं वरच्या थरातल्या बारीक वाहिन्या तपकिरी आणि खालच्या निळसर-हिरव्या उठून दिसतात. पॅपिलोमाचा प्रत्येक दाणा गडद ठिपक्यानं उघडा पडतो, आणि निरोगी आवरणाशी असलेली सीमा स्पष्ट होते.

पण ही सोय वापरायची वेळ चुकली की ती निरुपयोगी ठरते. पहिला तुकडा काढला की रक्त येतं, आणि या प्रकाशात रक्ताचा पातळ थरसुद्धा सगळं काळं करतो. म्हणून क्रम ठरलेला हवा: हत्यार लावण्याआधी पूर्ण फेरी, नाकामागच्या भागापासून मृदू टाळूच्या मागची बाजू, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण), खोट्या आणि खऱ्या स्वररज्जू, त्यांच्यामधली खोबण, खालचा भाग आणि श्वासनलिका. शून्य अंशाच्या दुर्बिणीनं वरून, आणि 30 किंवा 70 अंशांच्या दुर्बिणीनं खोबणीत व स्वररज्जूंच्या खालच्या कडेला. काम झाल्यावर अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवून रक्त थांबवायचं, सलाईननं धुवायचं आणि तीच फेरी पुन्हा. दुसरी फेरी वेळेअभावी वगळली जाते, आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगी असते. नवख्या डोळ्याला मात्र आम्लपित्तानं सुजलेला भागही पॅपिलोमाच वाटतो. त्यामुळं जिथं उंचवटा नाही आणि ठिपकेही नाहीत, तिथं हात आवरायचा.

हात आवरण्याचं कारण किती खोल जायचं यात आहे. स्वररज्जूवरचं आवरण 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाडीचं. त्याखाली मऊ, जेलीसारखा थर, ज्याच्या थरथरण्यातून आवाज निघतो. विषाणू वरच्या आवरणातच राहतो आणि पॅपिलोमा हा मूलतः आवरणाचाच आजार. तो खालच्या थरात मुळं घालत नाही. म्हणजे जाळायचं ते आवरणाच्या जाडीपुरतं. त्याखाली गेलेली प्रत्येक उष्णता आजार कमी करत नाही, फक्त व्रण देते. ‘लेझरनं मुळापासून काढतात’ हे पालकांना सांगितलं जाणारं वाक्य म्हणूनच दोनदा चुकीचं आहे. काढायला मूळ नसतं, आणि आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या आवरणातही विषाणूचा डीएनए राहिलेलाच असतो. कितीही खोल जाळा, वाढ परत यायची ती येते; दरम्यान आवाज गेलेला असतो.

लेझरचे प्रकारही एकसारखे वागत नाहीत. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर. तो पाण्यात शोषला जातो आणि पेशीतलं पाणी उकळवून ऊती उडवतो. कापणं नेमकं होतं, पण एकाच जागी किरण रेंगाळला की उष्णता खाली झिरपते. 532 नॅनोमीटरचा हिरवा केटीपी लेझर हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, म्हणजे तो दाण्याच्या मधल्या रक्तवाहिनीवर नेम धरतो. हा लेझर साधारण 15 मिलिसेकंदांच्या ठोक्यांत, 30 वॅटच्या आसपास चालवतात, म्हणजे एका ठोक्यात सुमारे अर्धा ज्यूल. तंतूचं टोक ऊतीला न टेकवता एक ते तीन मिलिमीटरवर धरायचं आणि दाणा पांढुरका पडला की थांबायचं. पांढुरका झालेला भाग पुढच्या दिवसांत आपोआप गळून जातो. थिएटरमध्येच सगळं साफ दिसलं पाहिजे, असा हट्ट धरणारा सर्जन इथं जास्त जाळतो. अलीकडं 445 नॅनोमीटरचा निळा लेझरही याच कामाला वापरला जातो.

पांढुरका पडणं ही पृष्ठभागाची खूण आहे; खाली काय झालं ते ती सांगत नाही. तिथंच ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, कामाला येऊ शकते. डोळ्यांच्या पडद्यासाठी हे नाव मिरजेतल्या रुग्णांनाही आता ओळखीचं झालं आहे. 1991 मध्ये पुढं आलेलं हे तंत्र अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून ऊतीचा उभा छेद दाखवतं, सुमारे 0.01 मिलिमीटरच्या बारकाईनं आणि एक ते दोन मिलिमीटर खोलीपर्यंत. घशासाठी बहुधा 1,310 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात. छेदात निरोगी आवरण एका पातळ पट्टीसारखं दिसतं आणि त्याखालच्या थराची सीमारेषा स्पष्ट असते. पॅपिलोमात पट्टी जाड होते, सीमारेषा मात्र शाबूत राहते. लेझरचे काही ठोके, मग छेद, मग हवे असतील तर आणखी ठोके, असं केलं तर उष्णता सीमारेषेच्या वर थोपवता येते. जळालेल्या भागाचं प्रकाशाचं परावर्तन बदलतं, त्यामुळं इजा किती खोल गेली याचाही अंदाज येतो.

म्हणून उद्याच ओसीटी मागवायची का? नाही. स्वरयंत्रासाठी तिचा वापर अजून मुख्यतः संशोधन करणाऱ्या केंद्रांत आहे, आणि तिच्या मर्यादा कामाच्या आहेत. मोठ्या घडावर ती आंधळी असते, कारण प्रकाश दोन मिलिमीटरच्या आतच विखुरतो आणि बुडाशी पोचत नाही. आधी घड खाली आणावा लागतो, मग कडा आणि तळ तपासता येतो. रक्त आणि लाळ छेद पुसट करतात. स्वतः श्वास घेणाऱ्या मुलाची स्वररज्जू हलत राहते आणि प्रतिमा फाटते. दोन श्वासांमधल्या थांब्यात छेद घ्यावा लागतो. एका वेळी दिसणारा भाग फारच छोटा, त्यामुळं कुठं पाहायचं हे आधी नॅरो बँडनं ठरवावं लागतं. पायऱ्या अशा लागतात: चांगला स्कोप, नॅरो बँड, नोंद, आणि मग कधीतरी ओसीटी. वैद्यकीय महाविद्यालयाला यात संशोधन करायचं असेल तर जरूर करावं, नेत्रविभागाकडं या छेदचित्रांची सवय असलेली माणसं तयार आहेत. जिल्ह्याच्या खरेदीत मात्र ती आज बसत नाही.

लेझर आल्यावर काय बिघडतं, हे खरेदीच्या फायलीत कधी लिहिलेलं नसतं. सर्वांत वाईट म्हणजे श्वासमार्गातली आग. श्वासासाठी घातलेली साधी प्लॅस्टिकची नळी, जास्त ऑक्सिजन आणि एक चुकलेला किरण एवढं पुरतं. म्हणून ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आत, नायट्रस ऑक्साइड बंद, नळी वापरायचीच तर लेझरला दाद न देणारी, तिच्या फुग्यात हवेऐवजी निळा रंग मिसळलेलं सलाईन (फुगा फुटला तर निळं दिसतं), आजूबाजूला ओल्या पट्ट्या, चेहऱ्यावर ओला टॉवेल, डोळ्यांवर ओले पॅड. सलाईन भरलेली 50 मिलिलिटरची सिरिंज टेबलावर हवी, कपाटात नव्हे. आग लागलीच तर लेझर थांबवणं, नळी ओढणं, वायू बंद करणं आणि सलाईन ओतणं हे कोण करणार ते आधी नावानिशी ठरलेलं हवं. पट्ट्या अर्ध्या तासात कोरड्या होतात, हे विसरलं जातं.

दुसरी बिघाडाची जागा स्वररज्जूंचा पुढचा कोन, जिथं त्या दोन्ही समोर एकत्र येतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाची स्वररज्जू सेंटिमीटरभरही नसते. पुढच्या कोनात दोन्ही बाजू एकाच बैठकीत उघड्या केल्या तर त्या भरून येताना एकमेकींना चिकटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. तो पडदा सोडवणं मूळ आजारापेक्षा अवघड. तिथं एका बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढ मुद्दाम सोडून पुढच्या वेळी काढणं हेच शहाणपण, पालकांना ते अपुरं काम वाटलं तरी.

धूर ही तिसरी. पॅपिलोमा जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडला आहे, आणि लेझर वापरणाऱ्या सर्जनला स्वतःलाच स्वरयंत्रात पॅपिलोमा झाल्याची नोंदही आहे. धूर ओढणारं फिल्टरचं यंत्र आणि एन-95 मास्क लेझरच्या किमतीतच धरायला हवेत. शेवटचं एक, वरवर किरकोळ: केटीपीसाठी लागणारा नारिंगी चष्मा हिरवा रंग अडवतो, त्यामुळं तो घालून पडद्यावरचे नॅरो बँडचे रंग वाचता येत नाहीत. लेझरच्या प्रत्येक ठोक्याला कॅमेराही झगमगून आंधळा होतो, जर त्याला योग्य फिल्टर नसेल. म्हणून पाहायचं ते लेझर स्टँडबायवर टाकून, चष्मे काढून. ही अदलाबदल करायला वेळ लागतो, आणि यादीत पुढचे चार रुग्ण थांबलेले असले की ती होत नाही.

या सगळ्याची तुलना मायक्रोडिब्रायडरशी करून पाहा. ओढून घेत कापणारं फिरतं पातं, मुलांसाठी बारीक. आग नाही, जळणं नाही, काढलेला तुकडा तपासणीला शाबूत मिळतो. मोठा घड मिनिटांत खाली येतो. अनेक केंद्रांत मोठ्या वाढीसाठी तोच पहिला पर्याय आहे, आणि सपाट उरलेल्या भागापुरता केटीपी. म्हणजे डिब्रायडर, चांगली दुर्बीण आणि मुलांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ असेल, तर लेझर नसतानाही मिरजेत या मुलांवर उत्तम उपचार होऊ शकतात. उलट बाजूनं, लेझर आहे पण भूलतज्ज्ञ नाही, अशी खोली कुलपातच राहते.

भूलतज्ज्ञाचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ इथं एकाच चार मिलिमीटरच्या नळीसाठी भांडत असतात. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलेचं औषध चालू ठेवून मुलाला स्वतः श्वास घेऊ देणं आणि घशात नळीच न ठेवणं ही पद्धत नजर मोकळी ठेवते, पण तिला सराव लागतो. जोरानं हवा मारणाऱ्या जेटनं वाढीचे कण खाली फुफ्फुसाकडं जाण्याची शंका असते. गळ्याला छिद्र पाडावं लागलं तर श्वासनलिकेत आजार पसरण्याचा धोका वाढतो; जीव वाचवायला ते करावं लागलं तर करायचंच, पण नळी लवकरात लवकर काढायची. हे निर्णय अनुभवानं येतात आणि अनुभव रुग्णसंख्येतून.

म्हणूनच प्रत्येक महाविद्यालयात एक लेझर ही मागणी आम्हाला पटत नाही. डझनांतली मुलं मिरज, सांगली, कराड आणि साताऱ्यात वाटली, तर कुठल्याच चमूचा हात बसणार नाही. पाहणं चार-सहा ठिकाणी हवं: दोन्ही जिल्हा मुख्यालयांत, कराडला, आणि फलटण, विटा, जत यांसारख्या ठिकाणी जिथं कान-नाक-घसा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा तरी येतो. शस्त्रक्रिया मात्र एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण मिरज असावं. 1894 पासून दवाखान्यांचं गाव असलेल्या या जंक्शनला रेल्वेनं साताऱ्याहूनही सरळ येता येतं. पुण्या-मुंबईला पाठवणं हा पर्याय फुफ्फुसात पसरलेल्या किंवा वर्षात चारपेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागणाऱ्या मुलांसाठी ठेवावा, कारण त्यांना बेव्हॅसिझुमॅबसारख्या, नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाचा विचार करावा लागतो. इतरांना दर दोन-तीन महिन्यांनी सव्वादोनशे किलोमीटर पाठवलं, तर तिसऱ्या खेपेनंतर ती येईनाशी होतात. मग ती मध्यरात्री, निळी पडलेली, जवळच्या दवाखान्यात येतात.

नोंदीचं सांगायचं तर, डिस्चार्ज कार्डावर ‘पॅपिलोमा काढला’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठून, किती, पुढच्या कोनात काय सोडलं, काहीच नाही. या आजारासाठी मोजमापाची प्रचलित पद्धत आहे: 25 जागा, प्रत्येकीला 0 ते 3 गुण, म्हणजे अनुक्रमे वाढ नाही, सपाट, उंचवट्याची, मोठी. दोन मिनिटांचं काम. त्याला शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ जोडला, फेरीचा क्रम दर वेळी तोच ठेवला, आणि प्रत पालकांच्या मोबाइलवर दिली, तर पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरुवात करणार नाही. दसरा-दिवाळीनंतर वाळवा, पलूस, कराडच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुलं उन्हाळ्यात बीडकडं परततात. त्यांच्यासाठी दवाखान्याच्या कपाटातली फाइल म्हणजे नसल्यातच जमा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जातात. त्यांच्या तपासणीत ‘आवाज महिनाभरापेक्षा जास्त घोगरा आहे का?’ हा एक प्रश्न वाढवायला पैसे लागत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मात्र दर शस्त्रक्रियेला नव्यानं मंजुरी घ्यावी लागते. परत परत येणाऱ्या आजाराला वर्षभराची मंजुरी मिळायला हवी, आणि त्या मंजुरीसोबत प्रतिमांची नोंद सक्तीची करावी. पैसे देणाऱ्यालाही त्यातून कळेल की काम झालं की नुसता धूर झाला.

राहिली लस. एचपीव्हीची चर्चा आपल्याकडं गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरती होते आणि ती 16 व 18 या प्रकारांविषयी असते. फक्त या दोन प्रकारांविरुद्धची लस घेतली तर घशातल्या पॅपिलोमावर तिचा भरवसा धरता येत नाही. चार प्रकारांविरुद्धच्या लसीत 6 आणि 11 येतात, आणि तशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2023 मध्ये बाजारात आणली आहे. ऑस्ट्रेलियात 2007 पासून चार प्रकारांची लस दिली गेली. तिथं मुलांमधला हा आजार 2012 मधल्या लाखामागे 0.16 वरून 2016 मध्ये 0.02 वर आला. पण तिथं सुरुवातीला 26 वर्षांपर्यंतच्या तरुणींनाही लस मिळाली होती, म्हणून परिणाम दहा वर्षांच्या आत दिसला. आपण फक्त 9 ते 14 वर्षांच्या मुलींपासून सुरुवात केली, तर आजची दहा वर्षांची मुलगी आई होऊन तिचं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत पंधरा वर्षं तरी जातील. तोवर जन्मणाऱ्या मुलांसाठी यंदाच्या जिल्हा आराखड्यात सहा बारीक स्कोप, मिरजेसाठी नॅरो बँडची सोय असलेला एक दुर्बीण-संच, एक मायक्रोडिब्रायडर आणि मुलांच्या भुलेचं प्रशिक्षण घेतलेल्या दोघांची पदं एवढं मागावं. लेझरची फाइल पुढच्या वर्षी उघडली तरी चालेल, आणि ती उघडताना आधीच्या वर्षाचे व्हिडिओ व गुणांकनं सोबत जोडावीत.